गेम पारखताना आधी हात, मग डोळे

नवा गेम सुरू केला की पहिली दहा मिनिटं कथा, दृश्यं, संगीत सगळं बाजूला ठेवा. शत्रू नसलेली एखादी मोकळी जागा शोधा आणि पात्राला नुसतं हलवत राहा. पळवा, थांबवा, पळता पळता एकदम उलट वळवा, उडी मारायला लावा, हवेत असताना दिशा बदलून बघा. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) नंतर सुधारतात, बग पॅचमधून (नंतर येणाऱ्या दुरुस्तीतून) जातात. हालचाल मात्र क्वचितच बदलते, कारण बाकी सगळं तिच्यावर बेतलेलं असतं. उडीची उंची थोडी जरी बदलायची म्हटली तरी प्रत्येक कठडा आणि प्रत्येक दरी पुन्हा मापावी लागते. १९९६ साली आलेल्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये निन्टेंडोच्या चमूने लेव्हल रचण्याच्या आधी मारिओची हालचाल घडवली होती. किल्ल्यासमोरच्या अंगणात एकही शत्रू नाही, तरीही तिथे नुसतं कोलांट्या मारत फिरावंसं वाटतं, ते त्यामुळेच.

माझ्या लेखी दर्जाचा प्रश्न एकच आहे: आपण काही केलं की समोरचं जग त्याला कसं उत्तर देतं? चित्र किती देखणं आणि नकाशा किती मोठा, हे सगळं त्याच्यानंतर.

उत्तराला लागणारा वेळ

बटण दाबल्यापासून स्क्रीनवर काहीतरी हलेपर्यंतचा वेळ म्हणजे इनपुट लॅग. तो मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सेकंदाला २४० फ्रेम (एकेक स्थिर चित्र) टिपणारा स्लो मोशन मोड असलेला फोन घ्या. कंट्रोलरवरचा अंगठा आणि स्क्रीन दोन्ही एकाच चौकटीत दिसतील असा तो टेकवून ठेवा आणि उडीचं बटण दहा-बारा वेळा दाबा. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा: बटण पूर्ण खाली गेल्यापासून पात्र हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या? प्रत्येक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे १२ फ्रेम झाल्या तर ५० मिलिसेकंद, २४ झाल्या तर १००. एकाच मोजणीवर विसंबू नका. बटण गेमच्या फ्रेमच्या सुरुवातीला दाबलं गेलं की शेवटाला, यानेच आकडा पुढेमागे होतो, म्हणून सरासरी काढायची. आणि मोजण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना ते बघा. टीव्ही चित्रावर करतो त्या प्रक्रियेचा उशीर गेमच्या माथी मारला जातो, ही इथली सर्वात सामान्य गफलत.

साधारणपणे सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये ६० ते ८० मिलिसेकंद आले तर हाताला चपळ वाटतं. ३० फ्रेमच्या गेममध्ये १०० च्या वर जाणं नेहमीचंच. १५० ओलांडलं की पात्र चिखलातून चालल्यासारखं वाटू लागतं.

इथे एक फरक नीट ओळखायला हवा. ‘डार्क सोल्स’मध्ये जड तलवार फिरवायला वेळ लागतो, पण हात हलायला सुरुवात लगेच होते. हा उशीर ठरवून ठेवलेला आहे, त्याची किंमत मोजूनच तुम्ही वार करायचा की नाही ते ठरवता. उत्तर उशिरा संपलं तर चालेल, पण सुरू लगेच झालं पाहिजे. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये पात्राचं वजन जाणवावं म्हणून ॲनिमेशनला प्राधान्य दिलं आहे. निर्मात्यांचा तो निर्णय समजतो, पण अरुंद खोलीत वस्तू उचलायला गेलं की पात्र आधी पावलं जुळवत बसतं, आणि तिथे मला तो खटकतो.

चांगली हालचाल थोडी क्षमाशीलही असते. ‘सेलेस्टे’मध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही फ्रेमपर्यंत उडी लागते. जमिनीला टेकण्याच्या जरा आधी बटण दाबलं तर गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकल्या टेकल्या उडी मारतो. डोकं कोपऱ्याला निसटतं लागलं तर पात्राला हलकंच बाजूला सरकवतो. हे खेळाडूला दिसत नाही, त्याला फक्त एवढंच वाटतं की गेम आपलं ऐकतो. कुठल्याही प्लॅटफॉर्मरमध्ये (उड्या मारत पुढे जायच्या गेममध्ये) हे तपासता येतं: मुद्दाम किंचित उशिरा उडी मारा, मग मुद्दाम किंचित लवकर. दोन्ही वेळा पडलात तर ती कठीणता नाही, निष्काळजीपणा आहे.

सरासरी फ्रेम रेटवर जाऊ नका

‘६० एफपीएस’ (सेकंदाला ६० फ्रेम) हा आकडा एकटा फारसं सांगत नाही. ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक फ्रेम. मिनिटभरात बहुतेक फ्रेम वेळेवर आल्या आणि एकच १०० मिलिसेकंद अडकली, तर सरासरीत ती दिसणारही नाही, पण डोळ्याला आणि हाताला झटका नक्की बसेल. म्हणून फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावा आणि रेघ सपाट आहे का ते बघा. आकडाच हवा असेल तर सर्वात मंद १% फ्रेमचा बघा. एकसारख्या ३० फ्रेम, म्हणजे दर ३३.३ मिलिसेकंदांना न चुकता एक, या ४० ते ६० मध्ये हेलकावणाऱ्या फ्रेमपेक्षा सुसह्य असतात. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या, स्क्रीनवर ४० फ्रेमचा पर्याय असेल तर तो जरूर वापरून बघा: २५ मिलिसेकंद हा ३३.३ आणि १६.७ यांचा बरोबर मध्य आहे. आकडा ३० पेक्षा दहानेच मोठा दिसतो, पण ६० कडे जाण्याचा अर्धा पल्ला तिथे गाठलेला असतो.

पीसीवर झटके आले तर कारण शोधणं अवघड नाही. एखादा स्फोट किंवा जादू पहिल्यांदा दिसताना गेम अडकला, आणि तेच दुसऱ्यांदा घडताना अडकला नाही, तर शेडर (प्रकाश आणि रंग कसे दिसावेत हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम) ऐनवेळी तयार होत आहेत. नकाशावरच्या ठरावीक सीमा ओलांडताना दरवेळी अडकत असेल, तर पुढच्या भागाचा डेटा वेळेवर लोड होत नाही. पहिल्या प्रकाराला शेडर आधीच तयार करून ठेवण्याचा पर्याय हा उपाय असतो, आणि तो गेममध्ये आहे का ते सेटिंग्जमध्ये बघावं. दुसऱ्या प्रकारात ग्राफिक्स कमी करून बहुतेकदा काहीही फरक पडत नाही. तीन-चार तास सलग खेळल्यावर फ्रेम रेट घसरत गेला आणि गेम बंद करून पुन्हा उघडल्यावर सुधारला, तर मेमरी लीकचा (वापरून झालेली मेमरी गेम मोकळी करत नसल्याचा) संशय घ्यावा. परीक्षणं बहुधा सुरुवातीच्या बंदिस्त लेव्हलवर मोजतात. खरा कस लागतो तो मोठ्या शहरात, पावसात, गर्दीच्या लढाईत.

लोडिंगचा वेळही असाच तपासायचा, कारण तो दरवेळी यंत्राचा दोष नसतो. २०२१ मध्ये एका बाहेरच्या प्रोग्रामरने ‘जीटीए ऑनलाइन’च्या कंटाळवाण्या लोडिंगचा छडा लावला. सुमारे १० एमबीची, ६३,००० च्या आसपास नोंदी असलेली एक फाइल अत्यंत अकार्यक्षम पद्धतीने वाचली जात होती. तेवढं बदलून त्याने आपल्या यंत्रावरचं लोडिंग सुमारे ७०% ने कमी केलं, आणि पुढे गेमची कंपनी रॉकस्टारने त्याची दखल घेऊन पॅच दिला. नवा प्रोसेसर आणि वेगवान डिस्क असूनही गेम मिनिटभर थांबत असेल, तर हार्डवेअर विकत घ्यायला धावू नका.

नियम सगळीकडे लागू आहेत का?

आता जगाकडे वळू. एक साधी चाचणी: गेममध्ये तुम्हाला काय काय करता येतं त्या क्रियांची यादी लिहा. जाळणं, ढकलणं, चढणं, कापणं, बोलणं. मग प्रत्येक क्रिया निर्मात्याने जिथे अपेक्षिलेली नाही तिथे करून बघा. मशालीने कोळ्याचं जाळं जळतं, पण त्याच मशालीने लाकडी दार जळत नाही. गुडघ्याएवढी भिंत चढता येते, तेवढ्याच उंचीचं कुंपण मात्र नाही. असं दोन-तीनदा झालं की खेळाडू प्रयोग करणं सोडून देतो आणि चमकणारी वस्तू शोधत फिरतो. माझ्या दृष्टीने गेमचं यापेक्षा मोठं नुकसान नाही.

२०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ची थोरवी इथेच आहे. आग, पाणी, वारा, वीज यांचा वस्तूंवर काय परिणाम होतो याचे थोडेच नियम आहेत, पण ते सगळीकडे लागू आहेत. गवत पेटलं की गरम हवा वर जाते आणि त्या झोतावर पॅराग्लायडर उचलला जातो. वादळात धातूची तलवार पाठीवर असेल तर वीज तुमच्यावर पडते, आणि तीच तलवार शत्रूजवळ टाकली तर त्याच्यावर. नियम थोडे, संयोग पुष्कळ. निर्मात्याने न योजलेला उपाय चालतो, आणि तो चालल्यावर गेम तुम्हाला अडवत नाही.

उलट उदाहरण हवं असेल तर २००६ चा ‘ऑब्लिव्हियन’. इतर अनेक बाबतीत सुंदर असलेला हा गेम शत्रूंची ताकद खेळाडूच्या लेव्हलबरोबर वाढवत नेतो. परिणाम असा की पुढे पुढे रस्त्यावरचे साधे लुटारूही दुर्मिळ, महागड्या काचेच्या चिलखतात दिसू लागतात. तुम्ही बलवान झाल्याचं जगाला कळतच नाही.

शत्रूंची बुद्धी तपासताना ‘हुशार आहेत का’ असं विचारण्यापेक्षा ‘त्यांचं वागणं वाचता येतं का’ असं विचारा. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये चार भुतांचे पाठलागाचे चार वेगळे नियम आहेत. तेवढ्यावर ती पाठलाग करणारी चौकडी जिवंत वाटते. २००५ च्या ‘एफ.ई.ए.आर.’मधले सैनिक आपण काय करतोय ते एकमेकांना ओरडून सांगतात, त्यामुळे त्यांचा डाव खेळाडूला ऐकू येतो आणि ते आहेत त्याहून चतुर भासतात. चाचणीसाठी त्याच जागी तीनदा लपा. एकाला दुसऱ्यादेखत मारा. दार लावून घ्या. पळून जा आणि कुठवर पाठलाग होतो ते बघा. शत्रू अगदीच मूढ वागत असतील तर कारण कधीकधी क्षुल्लकही असतं: २०१३ च्या ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’च्या सेटिंग्ज फाइलमधल्या एका शब्दात एक अक्षर जास्त पडलं होतं. २०१८ मध्ये ते लोकांच्या ध्यानात आलं, आणि ते काढल्यावर शत्रूंचं वागणं चांगलंच सुधारलं.

आणि मराल तेव्हा स्वतःला विचारा: का मेलो ते एका वाक्यात सांगता येतंय का? येत असेल तर गेम कितीही कठीण असो, तो प्रामाणिक आहे. कॅमेरा भिंतीत शिरला, वार करणारा पडद्याबाहेर होता, धोक्याचा आवाजच आला नाही, अशी उत्तरं वारंवार येऊ लागली तर तो नाही. मेल्यानंतर पुन्हा प्रयत्न करायला किती वेळ लागतो तेही बघा. ‘सुपर मीट बॉय’मध्ये पुनर्जन्म तत्काळ होतो, म्हणून शंभरदा मरूनही चिडचिड होत नाही.

मोठं जग आणि भरलेलं जग

१९८४ च्या ‘एलीट’मध्ये ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ तारे होते, आणि ते सगळं ३२ केबी मेमरीच्या यंत्रावर, सूत्रांमधून उगवलेलं. २०१६ च्या ‘नो मॅन्स स्काय’मध्ये ग्रहांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर १८ शून्यांहूनही थोडी जास्त. संख्येने यातलं काहीच ठरत नाही. प्रश्न असा की दुसऱ्या ग्रहावर पोचल्यावर तुम्ही पहिल्या ग्रहापेक्षा वेगळा निर्णय घेता का? रंग निराळा, प्राणी निराळा, पण करायचं तेच असेल तर तो दुसरा ग्रह नव्हे.

घनता मोजायची तर दोन वस्तूंमधलं अंतर न मोजता दोन निर्णयांमधला वेळ मोजा. रस्त्यात दर वीस पावलांवर एक पेटी असेल, पण प्रत्येक पेटी उघडायचीच असेल, तर तिथे निर्णय नाही, हमाली आहे. मग नकाशा आणि पडद्यावरच्या खुणा बंद करून अर्धा तास चाला. डोंगर, मनोरा, नदी यांवरून वाट कळते का? ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या चमूने भूभाग त्रिकोणी उंचवट्यांनी रचला. असा उंचवटा मागचं काही झाकतो, आणि वळसा घ्यायचा की चढायचं हे तुम्हाला ठरवायला लावतो. ‘डार्क सोल्स’मध्ये अनडेड पॅरिशमधली लिफ्ट खाली येते ती थेट फायरलिंक श्राइनमध्ये, आणि इतक्या वेळचा जीवघेणा रस्ता डोक्यात एकदम घडी घालून बसतो. मला विचाराल तर जग रचण्याचा याहून चांगला धडा नाही.

जिथे इतर माणसं असतात

ऑनलाइन जगात आणखी एक थर येतो, आणि तिथे पैशाकडे आधी बघावं. लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या सुरुवातीच्या ऑनलाइन जगात, म्हणजे १९८६ च्या सुमारास, एका यंत्रातून ७५ टोकनला मिळणारी बाहुली दुसऱ्या यंत्रात १०० टोकनला विकता येत होती. १८,००० चा स्फटिकगोल ३०,००० ला. काही खेळाडूंनी रात्रभर या फेऱ्या मारल्या आणि सकाळी त्या जगातलं चलन पाचपट झालं होतं. तेव्हापासून प्रश्न तोच आहे: पैसा जगात येतो कुठून आणि जगातून जातो कुठे? राक्षस मारून, मोहिमा करून तो येतो. दुरुस्ती, कर, प्रवासभाडं यांतून तो नाहीसा व्हायला हवा. जाण्याच्या वाटा अरुंद असतील तर भाव फुगतात आणि नव्या खेळाडूच्या दिवसभराच्या कमाईत साधी ढालही येत नाही. बाजारातल्या एखाद्या कच्च्या मालाचे गेल्या काही महिन्यांचे भाव बघितले की हे लगेच दिसतं. बाजार सोयीचा झाला तरी गेम बिघडू शकतो. ‘डायब्लो ३’मधलं लिलावघर मार्च २०१४ मध्ये बंद केलं गेलं, कारण उत्तम शस्त्र राक्षस मारून मिळवण्यापेक्षा तिथे विकत घेणंच शहाणपणाचं ठरत होतं.

माणसं डिझायनरचं गणित मोडतातच. ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये १९९७ साली प्राण्यांची अन्नसाखळी योजली होती, पण खेळाडू प्राणी उगवण्याच्या वेगापेक्षा जलद मारत सुटले. म्हणून जग मोडलं की निर्माते काय करतात, हाही दर्जाचाच भाग. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये हजारो खेळाडू एका ठिकाणी लढायला आले की सर्व्हर कोसळू देण्याऐवजी त्या भागातला वेळच मंद केला जातो, अगदी नेहमीच्या वेगाच्या १०% पर्यंत. जानेवारी २०१४ ची बी-आर५आरबी या तारामंडळातली लढाई सुमारे २१ तास चालली ती यामुळेही. कंटाळवाणं झालं, पण प्रत्येकाची आज्ञा पाळली गेली.

नेमबाजीच्या गेममध्ये सर्व्हरचा टिक रेट बघा. ६४ टिक म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांना जगाची नोंद, १२८ म्हणजे ७.८. फायटिंग गेममध्ये रोलबॅक नेटकोड (दोन खेळाडूंची यंत्रं इंटरनेटवरून जुळवून ठेवण्याची एक पद्धत) आहे का ते विचारा. जुनी पद्धत पलीकडच्याचं बटण येईपर्यंत दोघांनाही थांबवते. रोलबॅक अंदाज बांधून पुढे जातो आणि चुकलं तर काही फ्रेम मागे जाऊन दुरुस्त करतो. चाचणी घ्यायची ती गर्दीच्या वेळी आणि लांबच्या खेळाडूबरोबर, पहाटे शेजारच्या शहरातल्याबरोबर नव्हे. आणि त्रास देणाऱ्याला ब्लॉक करायला किती पायऱ्या लागतात ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

व्हीआरमध्ये (डोक्याला लावायच्या पडद्यावरच्या आभासी जगात) नियम कडक होतात. ९० हर्ट्झला एका फ्रेमसाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात, आणि डोकं वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांच्या आत काम व्हायला हवं. गेमने तुमच्या डोक्याऐवजी स्वतः कॅमेरा हलवला की मळमळ सुरू होते, कारण डोळे हललो म्हणतात आणि तोल सांभाळणारा आतला कान नाही म्हणतो. टेलिपोर्ट (चालण्याऐवजी थेट नव्या जागी पोचणं), ३० किंवा ४५ अंशांनी टप्प्याने वळणं आणि हालचालीत चित्राच्या कडा काळवंडणं हे पर्याय नसतील तर तो गेम अनेकांसाठी वापरण्याजोगाच नाही.

विकत घेताना

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातली टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. ९५% याचा अर्थ शंभरातल्या ९५ जणांनी शिफारस केली एवढाच. त्यांना गेम थोडासा आवडला असेल तरीही. अलीकडची परीक्षणं वेगळी काढा आणि बराच काळ खेळून नापसंती देणाऱ्यांचं आधी वाचा. दुकान गेमच्या आत असेल तर किती प्रकारची नाणी आहेत ते मोजा, आणि नाण्यांचे गठ्ठे वस्तूंच्या किमतींना नीट भागतात का ते बघा. दरवेळी थोडी शिल्लक उरत असेल तर ती योजना आहे. लूट बॉक्स (आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्या) असतील तर मी दोन पावलं मागे येतो. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायचे असे बॉक्स जुगारात मोडतात असं ठरवलं, आणि मला ते पटतं. सेटिंग्जमध्ये बटणं बदलणं, सबटायटल मोठी करणं, धरून ठेवण्याऐवजी एकदा दाबणं हे पर्याय शोधा. शत्रू आणि मित्र फक्त लाल-हिरव्या रंगाने ओळखायचे असतील, तर रंगदोष असलेले खेळाडू तिथे अडतात.

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर परतावा मिळतो. ते दोन तास कथेत घालवू नका: आधी सेटिंग्ज, मग मोकळ्या जागेतली हालचाल, मग जितकं लवकर पोचता येईल तितक्या गर्दीच्या भागात फ्रेमटाइम. शेडर तयार होण्यात आणि मेनूत गेलेली मिनिटंही त्या दोन तासांत धरली जातात. अर्थव्यवस्था आणि शेवटचे टप्पे एवढ्यात कळत नाहीत. त्यासाठी कुणाचं तरी विसाव्या-तिसाव्या तासाचं, न कापलेलं रेकॉर्डिंग शोधून बघा.